घरच्या दुर्बिणीचा फोकसर: तालुक्याच्या लेथवर होईल असं डिझाईन पाहिजे

काळी_माती (दारव्हा)

नमस्कार मंडळी. ८० मिमीची अ‍ॅक्रोमॅट (दोन काचांची, रंगदोष कमी करणारी) लेन्स हाती आली आहे, फोकल लेंग्थ ९०० मिमी, म्हणजे एफ नंबर (फोकल लेंग्थ भागिले लेन्सचा व्यास) ११ च्या थोडा वरच. नळीला शेतातला ९० चा पीव्हीसी पाईप घेतो आहे, लेन्सचा सेल (तिला धरणारी कडी) लेथवर होऊन जाईल, स्टँडही जमते. गाडी अडली आहे ती फोकसरवर, म्हणजे आयपीस (डोळ्याकडचं भिंग) पुढे-मागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागावर.

रेडिमेड मिळते हे माहीत आहे पण ते घ्यायचं नाही, आणि कारण आधीच सांगून ठेवतो म्हणजे धागा तिकडे भरकटणार नाही. ही दुर्बीण गावच्या शाळेत राहणार आहे. पोरं हाताळणार, कोणी नॉब जोरात पिळणार, एखादा स्क्रू हरवणार, उन्हाळ्यात ती टिनाच्या खोलीत पडून राहणार. ज्या दिवशी बिघडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या लेथवर नाहीतर मोटर वाइंडिंगच्या दुकानात दुरुस्त झाली पाहिजे. कुरिअरची वाट पाहत दुर्बीण कपाटावर चढली की ती परत खाली उतरत नाही, हे शाळाशाळांतून पाहिलं आहे. त्यामुळे माझी अट एकच, जो भाग इथे बनत नाही किंवा इथल्या दुकानात मिळत नाही तो डिझाईनमध्ये नको.

लागते काय ते लिहितो. आयपीस सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिमीचं बॅरल. मागे ९० अंशाचा डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लागणारच कारण पोरांना मान मोडून शनी दाखवायचा नाही. डायगोनल प्रकाशाच्या वाटेतले साधारण ७५ मिमी खाऊन टाकते. दिवसा झाडावरचे पक्षी, टॉवर वगैरेही बघतील. ३० मीटरवरची वस्तू बघायला फोकसरची नळी तारा बघताना असते त्यापेक्षा साधारण २८ मिमी बाहेर यावी लागते (फोकल लेंग्थचा वर्ग भागिले वस्तूचं अंतर वजा फोकल लेंग्थ, करून बघा). वेगवेगळ्या आयपीसचा फरक धरून ८० मिमी ट्रॅव्हल (नळी सरकायची जागा) मला पुरेसा वाटते.

आता रॅक-पिनियन (दातांची पट्टी आणि दातांचं चाक), क्रेफोर्ड (दात नसलेला, घर्षणाने सरकणारा), चुडीचा हेलिकल (फिरवून आत-बाहेर होणारा) की नुसती सरकणारी नळी, काय करू? ज्यांनी हाताने केलं आहे त्यांनी जरूर लिहा.

पूर्वा_फाल्गुनी (पुणे)

छान धागा. प्रकार निवडायच्या आधी एक आकडा काढून घ्या, त्याने अर्धा वाद मिटेल. फोकस किती बारीक लागतो ते एफ नंबरच्या वर्गावर अवलंबून असतं. पाव तरंगलांबीची चूक चालेल असं धरलं तर अचूक जागेच्या पुढे-मागे २ गुणिले तरंगलांबी गुणिले एफचा वर्ग एवढी मोकळीक मिळते. हिरव्या प्रकाशाला ०.५५ मायक्रॉन घ्या. तुमच्या लेन्सला साधारण ०.१४ मिमी पुढे आणि ०.१४ मागे, मिळून पाव मिमीपेक्षा थोडं जास्त. हेच एफ/५ ला फक्त ०.०५५ मिमी मिळतं.

म्हणजे आजकालच्या आखूड नळ्यांना जी दुहेरी नॉबची, दहास एक रिडक्शनची चैन लागते ती तुम्हाला लागत नाही. लांब फोकल लेंग्थच्या लेन्सने तुमचं काम आधीच सोपं करून ठेवलंय. बारीक गिअरिंगवर डोकं आणि पैसे घालवू नका, तेवढीच मेहनत नळी सरळ सरकण्यावर घाला.

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

काळीमाती भाऊ, मी लेथवर काम करतो, सत्ताविसेक वर्षं झाले या धंद्यात. रॅक-पिनियनचं सांगतो. पिनियन लेथवर नाई होत, त्याले मिलिंग आन् इंडेक्सिंग (सारख्या अंतरावर दात कापाचं काम) लागते, रॅकले तर लागतेच लागते. तालुक्याले ते नाई. भंगारात जुना प्रिंटर, फोटोकॉपी मशीन, शाळेतला मोडका मायक्रोस्कोप याच्यातून रॅक निघते पण मग ते पिनियन, तेच मॉड्यूल (दाताचं माप), त्याच मापाचा शाफ्ट, सगळं नशिबावर. आज जमलं तं जमलं, उद्या दात गेला का दुसरा कुठून आणान? तुमची जी अट हाय ना दुरुस्तीची, ते रॅकमध्ये बसत नाई.

आन् दुसरं, मॉड्यूल १ चं बारा दाताचं पिनियन धरलं तं एका फेऱ्यात नळी ३७ मिमीच्या वर पळते. जाडं काम हाय ते. दातात खेळ राह्यते तो वेगळाच, उलटं फिरवलं का आधी नॉब फिरते, मग नळी हालते.

मेळघाट_शाळा (धारणी)

माझा तांत्रिक अभ्यास नाही पण मुलांना दुर्बीण दाखवण्याचा अनुभव आहे म्हणून लिहिते. नॉब मोठा ठेवा. लहान नॉब चिमटीत धरून फिरवताना पूर्ण नळी हलते आणि पोराला दिसणारा गुरू बाहेर निघून जातो, मग रांगेतली बाकीची मुलं अस्वस्थ होतात. नॉब दोन्ही बाजूंना पाहिजे कारण डावखुरी मुलंही असतात. आणि एकदा फोकस बसला की लॉक करता आला पाहिजे. माझ्याकडे प्रत्येक मूल आधी नॉबला हात लावतं आणि मगच डोळा लावतं, त्याला इलाज नाही, ते तसंच असायला पाहिजे.

सूर्याकडे नळी वळवायची नाही हे मोठ्या अक्षरात फोकसरच्या शेजारीच लिहून ठेवा, समोरच्या झाकणावर लिहिलेलं कोणी वाचत नाही.

काळी_माती (दारव्हा)

मॅडम, दोन्ही बाजूंचा नॉब आणि लॉक, दोन्ही अटी मान्य. सूर्याची सूचना आयपीसजवळ लिहितो, एकदम बरोबर बोललात.

दादा, रॅक सोडलं मग. आता चुडीवाला हेलिकल. ४२ मिमीवर १ मिमी पिचची चुडी पाडली तर एका फेऱ्यात १ मिमी, पाव मिमीच्या मोकळिकीसाठी हे फार म्हणजे फारच बारीक झालं, आणि ८० मिमी जायला ८० फेरे. शिवाय साध्या हेलिकलमध्ये आयपीस स्वतः फिरते म्हणजे डायगोनलही गोल फिरेल, पोरगं त्याच्यामागे कुठे कुठे फिरेल? तेही बाद.

राहिलं क्रेफोर्ड. बेअरिंगवर नळी, वरून शाफ्टचा दाब, दात नाहीत. याचे बारकावे कोणी सांगाल का? उभ्या दुर्बिणीत घसरते का हो?

पूर्वा_फाल्गुनी (पुणे)

क्रेफोर्ड तुमच्या अटीत नेमकं बसतं, कारण त्याचा जन्मच हौशी लोकांच्या हातून झालाय. इंग्लंडमध्ये पूर्वी केंट परगण्यात असलेलं, आता लंडनमध्ये आलेलं क्रेफोर्ड म्हणून गाव आहे, तिथल्या हौशी खगोल मंडळातल्या जॉन वॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काढलं, आणि पेटंट घेतलं नाही. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ते उचललं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. दात नाहीत म्हणून खेळ नाही, आणि झिजलं तरी स्क्रू थोडा आवळला की झालं.

रचना अशी. नळीच्या एका अंगाला चार बेअरिंग, दोन पुढे दोन मागे, प्रत्येक जोडी एकमेकांना ९० अंशात, म्हणजे नळी व्ही आकाराच्या खोबणीत बसल्यासारखी. समोरच्या अंगाने मधोमध आडवा शाफ्ट नळीवर दाबून बसवलेला. शाफ्ट फिरवला की घर्षणाने नळी सरकते. ६ मिमीचा शाफ्ट घेतला तर एका फेऱ्यात १८.८ मिमी. त्यावर ४० मिमीचा नॉब लावला तर नॉबची कड १ मिमी हलली की नळी ०.१५ मिमी हलणार. तुमच्या पाव मिमीला कडेवर जवळपास २ मिमीची जागा मिळते. मुलांच्या बोटांना हे सहज जमेल. नॉब ६० चा केला तर आणखी आरामात.

आणि शाफ्ट जिथे टेकतो तिथे, नळीवर आणि शाफ्टवर, तेल-ग्रीस अजिबात नको. फोकसर जड चालतोय म्हणून कोणीतरी कधीतरी हमखास थेंबभर तेल सोडतं आणि मग तो घसरतो.

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

ताईनं बरोबर सांगितलं. आता वजनाचं मी सांगतो, कारण लोक तिथंच फसतात. डायगोनल, आयपीस, वर कोणी मोबाईल लावला, अर्धा किलो धरा. हे वजन नळीच्या मागच्या टोकाले लटकून राह्यते. बैलगाडीत मागं जास्त भरलं का गाडी उलार होते, जू वर उचलते, तसंच नळीचं होते, मागचं टोक खाली आन् पुढचं टोक बेअरिंगवरून उचलते. शाफ्टचा दाब त्या उचलण्यापेक्षा जास्त पायजे.

हिशोब केला मी. बेअरिंग खाली, शाफ्ट वर, अर्धा किलो वजन शाफ्टपासून १२० मिमी मागं. पुढची न मागची जोडी यायच्यात ६० मिमी अंतर ठेवलं तं शाफ्टनं कमीत कमी दीड किलो दाबा लागते. तेच अंतर ८० केलं तं एक किलोत भागते. म्हून बेअरिंगच्या जोड्या जितक्या दूर तितकं चांगलं, बॉडी लांब करा, लाजू नका. लोक दिसाले सुटसुटीत म्हून आखूड करतात न मग रडतात.

खेळाचंही तसंच हाय. ६० वर ०.२ चा खेळ असन तं १५० मिमी मागं आयपीसपाशी अर्ध्या मिमीचा होते.

घसरण्याचं विचारलं तुमी. दुर्बीण सरळ डोक्यावर लावली का पूर्ण अर्धा किलो घर्षणावर येते. लोखंड-अ‍ॅल्युमिनियम कोरडं धरून घर्षणांक ०.३ घेतला तं पावणेदोन किलो दाब लागते, दोन अडीच ठेवा. एवढ्यानं शाफ्ट काही वाकत नाई.

बल्लारशा_लाइन (चंद्रपूर)

बॉडी कशाची करणार? सगळे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर येऊन थांबतात आणि तो ठोकळा महाग पडतो, मशिनिंग त्याहून महाग. आपल्या भागात सागवान असताना कशाला? बल्लारशाचा जुना वाळलेला साग, एखाद्या पडक्या घराची चौकट नाहीतर तुळई मिळाली तर उत्तम, कारण ते लाकूड पन्नास पावसाळे खाऊन बसलेलं असते, आता ते हलत नाही. ९० बाय ९० चा १०० मिमी लांब तुकडा घ्या. मधून ४४ मिमीचं भोक, खालच्या दोन अंगांनी बेअरिंगसाठी तिरप्या खाचा. सुतार पटाशीने करून देते. बेअरिंगचा बोल्ट खाचेत आडवा बसवायचा आणि वरून पत्र्याची पट्टी दोन स्क्रूने, म्हणजे बेअरिंग गेलं की पट्टी काढा, नवीन टाका.

पुढचा ३० मिमी भाग लेथवर गोल करून पाईपमध्ये घुसवायचा. लाकूड लेथवर लावायला कारागीर नाही म्हणतात, धूळ होते म्हणून, गोडीगुलाबीने सांगावं लागते.

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

माया कडं आणा, मी नाई म्हनत नाई. फक्त खिळे काढून आणा राजेहो, जुन्या तुळईत खिळा राह्यला तं टूल जाते.

चष्मेवाला (अमरावती)

दोन प्रश्न. एक, मला चष्मा आहे, उणे ४ चा. चष्मा काढून बघितलं तर फोकसर किती हलवावा लागेल? दोन, आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत कापसाची तूस हवेत असते, मार्चपासून धूळ. उघडी बेअरिंग टिकतील का?

पूर्वा_फाल्गुनी (पुणे)

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आयपीसच्या फोकल लेंग्थचा वर्ग भागिले १०००, एवढे मिमी प्रत्येक नंबरमागे. २५ मिमीच्या आयपीसला ०.६२५, म्हणजे तुम्हाला अडीच मिमी आत. १० मिमीच्या आयपीसला जेमतेम ०.४. ट्रॅव्हलमध्ये हे कुठेच अडत नाही. पण तुमच्यानंतर बघणाऱ्याला परत फोकस करावा लागणार, म्हणून मॅडम म्हणतात तो मोठा नॉब महत्त्वाचा. चष्म्यात सिलिंडर नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा लावूनच बघा, तो फोकसरने जात नाही.

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

बेअरिंग ६०८ झेडझेड घ्या. भोक ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. पोट्ट्यांच्या स्पिनरमधी, स्केटच्या चाकात तेच राह्यते. झेडझेड म्हंजे दोन्ही बाजूले पत्र्याचं झाकण, तूस आत जात नाई. रबर सीलवालं टूआरएस त्याच्याहून बंद राह्यते पण जरासं जड फिरते, इथं दोन्ही चालते. ८ चा बोल्ट कुठंही भेटते.

काळी_माती (दारव्हा)

वा, आता चित्र तयार होत चाललं आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, असं मिळून कोणी डोकं लावते तेव्हा फार बरं वाटते.

माझ्याकडून गरमीचा हिशोब टाकतो, आपल्या विदर्भात याचा विचार केल्याशिवाय भागत नाही. पीव्हीसी एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढते. नळी ढोबळपणे ९०० मिमीची धरली, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत १५ अंश उतरले, हिवाळ्यात आमच्याकडे एवढे उतरतात, तर नळी ०.९५ मिमी आखडते. फोकसची मोकळीक पुढे-मागे ०.१४, म्हणजे रात्रीतून फोकस अनेकदा परत बसवावा लागेलच. अ‍ॅल्युमिनियमची नळी असती तर त्याच थंडीत ०.३ मिमी. तरी पीव्हीसीच घेतो कारण ती प्रत्येक शेतात पडलेली आहे. फोकसर हलका फिरला म्हणजे झालं, दर वेळी झटापट नको.

दुसरं म्हणजे नायलॉन. आयपीस धरायला नळीच्या टोकात बुश लागते आणि लेथवाले लगेच नायलॉनचा रॉड काढतात. नायलॉन ओलावा पिते आणि फुगते. मे महिन्यात बरोबर बसलेलं आयपीस जुलैत अडकून बसते. म्हणून बुश पितळेचं किंवा डेल्रिनचं (ओलावा फार न पिणारं प्लास्टिक), भोक ३१.९ मिमी. बाजूने चार मिमीचा स्क्रू, त्याच्या टोकाला प्लास्टिकचा तुकडा म्हणजे आयपीसवर ओरखडे नाहीत.

सागाची बॉडी पक्की केली. पावसाळ्यात लाकूड थोडं हललं तरी शाफ्ट स्प्रिंगच्या पट्टीने दाबलेला ठेवला तर दाब तेवढाच राहील, बरोबर ना?

बल्लारशा_लाइन (चंद्रपूर)

बरोबर. पट्टी कडक पाहिजे, जुन्या करवतीच्या पात्याची घ्या. भोकाच्या आतून दोन हात टचवूड मारून द्या, टोकाचे रेषे उघडे असतात तिथूनच पाणी शिरते.

पूर्वा_फाल्गुनी (पुणे)

स्प्रिंग पट्टी चांगली कल्पना. त्यात ५ मिमीचा एक स्क्रू ठेवा दाब कमी-जास्त करायला, आणि लॉकसाठी वेगळा स्क्रू. दाबाचाच स्क्रू लॉक म्हणून वापरला तर मुलं तो रोज हलवतील आणि तुमचं सेटिंग जाईल.

एक गोष्ट राहिली. गोल नळीवर गोल शाफ्ट एकाच बिंदूत टेकतो. अ‍ॅल्युमिनियम मऊ, काही महिन्यांत तिथे चर पडेल आणि फोकस त्या चरातून वाकडा चालेल. कंपन्या तिथे मिलिंग करून सपाट पट्टा काढतात.

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

मिलिंग नाई तं पट्टी चिकटवा. पोरायची शाळेतली १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, नळीले पॉलिश पेपर मारून अ‍ॅरल्डाइटनं चिकटवा, कडंच्या फटीत पण भरा. रात्रभर दोऱ्यानं आवळून ठेवा. शाफ्ट स्टीलवर स्टील चालन, चर पडत नाई. स्टीलवर स्टील जरासं निसटते, म्हून शाफ्टले झिरो नंबर पॉलिश पेपर आडवा मारून द्या न दाब अडीच किलोवर ठेवा.

काळी_माती (दारव्हा)

दादा, तुम्ही काय दिलं आहे तुम्हाला कळलं का! त्या पट्टीवर मिलिमीटरचे आकडे आहेत. आकड्यांची बाजू वर ठेवली आणि बॉडीवर एक खूण केली तर कोणत्या आयपीसला कुठे फोकस येतो ते पोरं वहीत लिहून ठेवू शकतील. २५ चं आयपीस अमुक मिमीवर, १० चं तमुकवर. अंधारात टॉर्च मारून नळी त्या आकड्यावर नेली की गुरू जवळपास फोकसमध्येच सापडेल. आणि रात्रीतून नळी आखडते त्याचाही फरक त्या पट्टीवर दिसेल, संध्याकाळचा आणि पहाटेचा आकडा लिहायचा, पोरांना उष्णतेने होणारं प्रसरण पुस्तकाबाहेर बघायला मिळते. हे मी नक्की करणार.

मेळघाट_शाळा (धारणी)

हे ऐकून फारच आनंद झाला. आमच्या शाळेलाही असाच फोकसर करायचा आहे. सगळी मापं एका जागी द्याल का? आणि नळी किती कापायची ते पण.

काळी_माती (दारव्हा)

देतो मॅडम. सरकणारी नळी अ‍ॅल्युमिनियमची, बाहेरून ४०, आतून ३५, लांबी १८०. पाईप विकत घेताना काचेवर लोळवून बघा, जिथे खालून उजेड दिसतो तिथे ती वाकडी आहे, सरळ तुकडा मिळेपर्यंत दुकानदाराला सोडू नका. मग लेथवर हलका हात मारून घ्या. आतून फळ्याचा काळा रंग, चकचकीत काळा नको.

बॉडी १०० लांब, त्यातली ३० पाईपच्या आत, ७० बाहेर. बेअरिंगच्या जोड्यांमधलं अंतर बॉडीच्या लांबीत जितकं मावते तितकं, ७० ते ७५ येईल. शाफ्ट ६ मिमी, जुन्या प्रिंटरमधला गुळगुळीत रॉड मिळाला तर तोच, दोन पितळी बुशमध्ये. नॉब ६० चा, लेथवर करा नाहीतर बरणीचं जाड झाकण मधोमध भोक पाडून लावा.

पाईपची लांबी अशी काढली. लेन्सपासून फोकस ९०० वर. त्यातून डायगोनलचे ७५ वजा, ८२५. तारा बघताना सरकणारी नळी बॉडीच्या बाहेर ४० मिमी असावी म्हणजे आत जायला ३५ आणि बाहेर यायला ४५ जागा राहते. ४० आणि बॉडीचे ७० वजा केले की ७१५. लेन्सपासून पाईपच्या मागच्या टोकापर्यंत ७१५ मिमी. पण लेन्सवर छापलेली फोकल लेंग्थ आणि खरी यात फरक असतो म्हणून आधी लेन्समधून चंद्र बटरपेपरवर पाडून स्वतः मोजा, आणि पाईप ७५० कापून मग थोडा थोडा कमी करा. डायगोनल न लावता सरळ बघायचं असेल तर ७५ मिमीची एक जोडनळी वेगळी ठेवावी लागेल.

३५ च्या नळीत प्रकाश अडतो का तेही पाहिलं. तिचं पुढचं तोंड फोकसपासून २५५ मिमीवर येते, तिथे प्रतिमेच्या मधल्या १५ मिमीच्या भागावर येणाऱ्या प्रकाशाचा पूर्ण शंकू साडेतेहतीस मिमीत मावतो. चंद्राची प्रतिमाच ८ मिमीची आहे. २५ च्या आयपीसला अगदी कडेला थोडं अंधारेल, डोळ्याला जाणवायचं नाही.

पूर्वा_फाल्गुनी (पुणे)

हिशोब बरोबर आहेत, मी परत करून पाहिले. आता फक्त बॉडी पाईपला काटकोनात बसली पाहिजे. तीन स्क्रू १२० अंशात ठेवा आणि त्यांची भोकं थोडी मोठी, म्हणजे हलवायला वाव राहील. लेन्स काढून सेलच्या तोंडावर दोन दोरे उलटसुलट ताणा, मागे आयपीसच्या जागी मधोमध बारीक भोक असलेलं झाकण लावा. त्यातून बघताना दोऱ्यांची फुली नळीच्या पुढच्या गोलाच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे, आणि नळी पूर्ण आत-बाहेर केली तरी तिथेच राहिली पाहिजे. फुली सरकत गेली तर नळी तिरकी सरकतेय, मग बेअरिंगच्या खाली पत्र्याची बारीक पट्टी घालून दुरुस्त करा.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर. जास्त पॉवरच्या आयपीसने फोकसच्या अलीकडे आणि पलीकडे न्या, दोन्हीकडे कडी गोल आणि एकाच केंद्राभोवती हवीत. एप्रिल-मे मध्ये सप्तर्षी वर असतात तेव्हा वसिष्ठावर लावा. शेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनीही दिसते, पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा दिसतो, त्यांच्यातलं अंतर १४ विकला आहे (एका अंशात ३६०० विकला). ८० मिमीला हे अगदी सोपं. नॉब हळू फिरवताना दोन्ही ठिपके जागच्या जागी राहून बारीक व्हायला हवेत. उडी मारली तर शाफ्टचा दाब कमी आहे किंवा एखादं बेअरिंग टेकत नाहीये.

चष्मेवाला (अमरावती)

कोणतं बेअरिंग टेकत नाही ते कसं ओळखायचं?

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

चारही बेअरिंगवर मार्करनं एक एक रेघ मारा, नळी आत-बाहेर करा. ज्याची रेघ फिरत नाई ते टेकत नाई. त्याच्या बोल्टाखाली कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घाला, ०.१ मिमीच्या आसपास राह्यते तो, एक एक पट्टी वाढवत जा.

काळीमाती भाऊ, लाकूड न पाईप घेऊन या, सोमवार सोडून कधीही. बुश मी पितळेचंच काढून ठेवतो, फक्त तुमचं आयपीस सोबत आणा, कागदावरच्या ३१.७५ वर मी भोक नाई मारत, व्हर्नियर लावून मारतो.

मेळघाट_शाळा (धारणी)

दादा, दोन बुश काढाल का? आमचं आयपीसही पाठवते.

लेथ_आणि_लोखंड (हिंगणघाट)

काढतो ना मॅडम. डायगोनल पण पाठवा, त्याचं बॅरल वेगळ्या मापाचं निघू शकते, दोन्ही एकाच भोकात बसाले पायजे.